सिम्बल टोचतात

मैलापूर, चेन्नई, रविवार, ८ जून २०२५

गिऱ्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर आधी चार ओळी वाच, मग खुशाल फाड. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस. टपाल तेवढं उरलं. पुण्याचा पत्ता आपल्या ड्रमरकडून, मुरलीकडून काढला. सहजासहजी देत नव्हता, मी त्याचं डोकं खाल्लं.

तर साहेब, तुमचा अल्बम माझ्याकडे आलाय. परीक्षणासाठी!

तुला ठाऊक नाही, पण मी बरीच वर्षं एका वेबसाइटसाठी मेटल अल्बमची परीक्षणं लिहिते. बॅन्डमध्ये असताना सांगितलं नाही, कारण ज्यांना वाजवता येत नाही ते परीक्षणं लिहितात, असं तू दर आठवड्याला म्हणायचास. संपादक सहाना बंगळूरला असते. तिची एक पद्धत आहे. लिहिणाऱ्याला बॅन्डचं नाव, माणसांची नावं, काही कळू द्यायचं नाही. नुसती गाणी पाठवायची, आकडे घालून. ओळखीपाळखीत कौतुक नको म्हणून. सोबत एक ओळ असते. या वेळची ओळ होती, ‘जुन्या वळणाचं डेथ मेटल, ग्रूव्हवर भर.’

काल दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना लावलं. पहिल्या गाण्यात काही कळलं नाही. जड, संथ, मान आपोआप हलायला लागली. म्हटलं वा, कोणीतरी धावायचं सोडून चालायला शिकलंय. दुसऱ्या गाण्यात गिटारची ती घोळून घोळून येणारी रिफ आली आणि ओला टॉवेल हातातच राहिला. ती रिफ मला पाठ आहे. तिच्याखालचा बेस तर माझ्या बोटांना पाठ आहे, कारण तो मी वाजवलाय!

या प्रकारात बेस कोणाला ऐकू येतो का रे? गिटारच्या चिखलात बुडालेला असतो, बेसवाल्याची आईसुद्धा शोधून थकते. इथं मात्र तो ऐसपैस पुढं येऊन बसलाय. जाड तारेवरून घसरत खाली यायची माझी खोड, ठोक्याच्या किंचित मागे राहायची माझी सवय, सगळं जसंच्या तसं. माझी वस्तू ओळखायला मला पंच बोलवावे लागत नाहीत.

तिरुवल्लिकेणीत त्या छापखान्यामागच्या आपल्या सरावाच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी काय झालं, आठवतंय ना? मी म्हणत होते, पळू नका, जड पावलं टाकू या, ऐकणाऱ्याच्या पोटात बसलं पाहिजे. तू म्हणालास, ‘ही गाभण म्हशीची चाल मला नको.’ मी बोलायला लागले की पाठ फिरवून अॅम्पशी खेळत बसायचास, जसं काही मी तिथं नाहीच. आणि मग ‘मागे पडतेस, मागे पडतेस’ म्हणून माझ्याच अंगावर ओरडायचास. चुकत तू होतास, लेका! मुरलीला विचार. शेवटी म्हणालास, ‘तू नसलीस तरी चालेल.’ आणि पुण्यात नोकरी धरून निघून गेलास. निरोपाचा चहासुद्धा नाही.

आणि आता अख्खा अल्बम गाभण म्हशीच्या चालीवर! तो पण माझ्या बोटांनी!

दोनच गोष्टी सांग. माझा बेस न विचारता का घेतलास? आणि अल्बमवर माझं नाव आहे की नाही? शुक्रवारपर्यंत मला परीक्षण द्यायचंय.

रेवा


ओरगडमच्या वाटेवर, कंपनीच्या बसमध्ये, गुरुवार, १२ जून

गिऱ्या,

पहिलं पत्र अजून सोलापूरच्या अलीकडे असेल, पण मला दम धरवत नाही. अक्षर हलतंय ते बसमुळे. थोडं रागानंही.

मुरलीला पकडला. कबूल झाला. गेल्या वर्षी तू गुपचूप चेन्नईत येऊन त्याचे ड्रम पुन्हा रेकॉर्ड केलेस, माझ्या तेव्हा रेकॉर्ड केलेल्या जुन्या बेसवर. हे काय उलटंच? सगळी दुनिया आधी ड्रम घेते आणि बेस त्यावर बसवते. तू बेसला पाया धरून ड्रम वर चढवलेस. का, म्हटलं. मुरली म्हणतो, ‘गिरीला तसंच हवं होतं.’ एवढंच. त्याला कोणी काही सांगितलं की हा हो म्हणतो, म्हणून तर तो आपला ड्रमर झाला.

काल आणखी एक उद्योग केला. माझं काम तुला माहीत आहे. गिअरबॉक्स तयार झाला की आवाजबंद खोलीत फिरवायचा, माइक लावायचा, कुठं करकर आहे, कुठं शीळ आहे ते पडद्यावर बघायचं. जेवणाच्या सुट्टीत वेंकटसरांना मस्का लावला आणि त्या यंत्रात तुझं तिसरं गाणं घातलं. वेंकटसर आमचे साहेब. देवळातल्या नादस्वरम्‌पलीकडे त्यांना संगीत ठाऊक नाही. अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, ‘एन्नम्मा इदु? बेअरिंग पोच्चु!’ म्हणजे हे काय गं, बेअरिंग गेलंय. हसत होते, पण बोट पडद्यावर बरोबर जागी ठेवलं होतं. खालची सगळी बाजू, जिथं बेस आणि मोठ्या ड्रमचा ठोका असतो, इतकी नेटकी की नवीन गाडीत बसवावी. आणि वरच्या टोकाला हा एवढा डोंगर. सिम्बल! मुरलीच्या त्या पितळी थाळ्या! माझ्या कानांना जे खुपत होतं ते यंत्रानंही दाखवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परीक्षण लिहून पाठवलंय. छापायच्या आधी तूच वाच.

‘या बॅन्डला घाई नाही आणि तीच त्याची ताकद आहे. रिफ साध्या, जड, तळहाताखाली दाबलेल्या. प्रत्येक ठोका अपेक्षेपेक्षा किंचित उशिरा पडतो आणि त्या उशिरातच मान हलते. जुन्या डेथ मेटलमधला वेगाचा हव्यास टाकून त्याचं वजन तेवढं यांनी ठेवलंय. गुरगुरणारा आवाज पोटातून येतो, घशातून नाही. आणि बेस! अशा अल्बममध्ये बेसला इतका मान मिळालेला मी पाहिला नाही. बेसवादकाला सलाम. पण हे सगळं सिम्बलनी नासवलंय. ते वाजत नाहीत, टोचतात. स्टीलच्या ताटावर चमचा खरवडावा तसे. दुसऱ्या गाण्यानंतर मला हेडफोन काढून ठेवावा लागला. मिक्स करणारा बहिरा आहे का? दहापैकी पाच.’

हो, सलाम मीच ठोकला. तू ठोकला नाहीस, मग कोणीतरी ठोकायला नको? आणि काळजी करू नकोस, बेस माझा आहे हे सहानाला सांगितलंय. मी काही तुझ्यासारखी लपवाछपवी करत नाही.

रेवा


मैलापूर, रविवार, २२ जून

(हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.)

गिऱ्या,

सहानाला मी काहीही सांगितलं नव्हतं. ते पहिलं.

परीक्षण सोमवारी छापलं. नावं छापताना घालतात, तेव्हा मला कळलं. बॅन्डचं नाव ‘अधोमुख’, अल्बम ‘गाळ’. गिटार, आवाज आणि मिक्स, गिरिधर. ड्रम, मुरली. बेस, आर. पाटील. माझं नाव होतं की! तुझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. सहाना हसून म्हणाली, ‘तुझ्या आडनावाची कोणीतरी निघाली बघ.’ मी पण हसले. तोंड उघडायचं तेव्हाच उघडायला हवं होतं, उघडलं नाही.

मग तुझा मेल तिनं पुढं पाठवला. ‘परीक्षणाबद्दल आभार. सिम्बल मला हवे तसेच आहेत. तीस तारखेला हाच मास्टर रेकॉर्ड छापायला पोलंडला जातोय.’ एवढी आखडू ओळ वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. रेकॉर्डची तबकडी एकदा छापली की छापली, मग कोणाच्या बापाला सुधारता येत नाही. म्हटलं, याच्या आईकडेच जाते आणि गाऱ्हाणं सांगते.

मामींनी नेहमीसारखं आधी जेवायला बसवलं. तुझी आई आणि मी, त्यांचं पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी आणि माझं, एकमेकींना निम्मंच कळतं, पण भांडायला आणि लाड करायला पुरतं. भात वाढून झाल्यावर मी फोन काढला आणि परीक्षण मराठीत करून वाचायला लागले. तुमच्या दिवट्यानं काय केलंय बघा म्हणून. बेसचा भाग दोनदा वाचला. मग सिम्बल आले, आणि मग ते वाक्य आलं. ‘मिक्स करणारा बहिरा आहे का?’

मामींच्या हातातला डाव ताटात पडला. म्हणाल्या, ‘तुज कोणीं सांगितलं?’

मला कळेना. मी म्हटलं, ‘काय कोणी सांगितलं?’

‘त्याच्या कानांचं.’

गिऱ्या, मग त्यांना थांबवता येईना. तू चेन्नई सोडायच्या आधीच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरात कुकरपाशी उभा राहून पेपर वाचत होतास. मामी देवळात गेल्या होत्या. परत आल्या तर शिट्ट्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या, खालच्या मजल्यावरची लावण्या जिन्यातून ओरडत होती, आणि तू तिथंच उभा राहून पान उलटत होतास. मग डॉक्टर झाले, कानाचं मशीन झालं. कानाची नस सुकत चाललीय, वरचे सूर आधी जातात, परत येत नाहीत. मामी म्हणाल्या, ‘पक्षी गेले, शिट्टी गेली, दाराची बेल गेली. वरलं अस्कं गेलं बघ. खालचं तेवढं राहिलं आहे.’ आता तू त्यांना व्हिडिओवर फोन करतोस आणि ओठांकडे बघत बसतोस.

म्हणजे त्या खोलीत तू पाठ फिरवत नव्हतास, तुला मी बोलतेय हेच कळत नव्हतं. म्हणजे मुरलीचे सिम्बल तुला ऐकू येत नव्हते आणि तू मोजत होतास ते चुकत होतं, म्हणून मला ओरडत होतास. म्हणजे ड्रम बेसवर चढवलेस, कारण धरायला तुला तेवढाच उरला होता. आणि सिम्बल वर, आणखी वर नेत गेलास. कुठंतरी ऐकू येतील म्हणून.

मला रडू आलं. मामींसमोर, उष्ट्या हातानं. आणि राग तर असा आला की तू समोर असतास तर दोन दिल्या असत्या. सांगायला काय झालं होतं तुला? माझं काम काय आहे? मी दिवसभर करते काय? सांगितलं असतंस तर मी तुझ्या शेजारी बसून बोट दाखवलं असतं, हे वर आहे, हे खाली आहे. त्यापेक्षा तुला भांडण बरं वाटलं!

मामींनी माझा हात धरला. ‘सांगूं नक्को त्यास. तुज कळलं म्हणून त्यास कळलं, तर मजशीही बोलणं सोडेल तो. माझ्या गळ्याची शपथ.’ मी हो म्हटलं. काय करणार होते?

आता मी इथं बसलेय आणि माझं कशातच लक्ष लागत नाही. गप्प बसले तर तीस तारखेला ते सिम्बल असेच छापले जातील. तू आयुष्यातला एकच अल्बम केलास, तो लोक लावतील आणि दुसऱ्या गाण्याला काढून ठेवतील, आणि का ते तुला कधीच कळणार नाही. पुण्यात तुला कोणी सांगत नाही का? का सगळे ‘भारी, भारी’ म्हणून पाठ थोपटतात? आणि सांगितलं तर मामींचा एकुलता एक फोन बंद होईल. चालत समुद्रापर्यंत जाऊन आले, काही सुचलं नाही.

रेवा


मैलापूर, मंगळवार, २४ जून (स्पीड पोस्ट)

गिरिधर,

परीक्षण मागे घ्यायला लावलंय. बेस माझा आहे हे सहानाला सांगितलं. ती चिडली, आणि बरोबरच चिडली. मला वेबसाइटवरून काढून टाकलं. अल्बम आता ती दुसऱ्या कोणाकडे देईल.

अल्बमवर माझं नाव घातलंस, आभार.

एक सुचवायचं होतं. रेकॉर्ड छापताना वरचा आवाज जास्त असला की सुई चरचरते, असं कुठंतरी वाचलं. तेव्हा मास्टर पाठवायच्या आधी सिम्बल जरा खाली घेतलेस तर बरं. छापण्याच्या तंत्रासाठी म्हणून, बाकी काही नाही. वाटल्यास दुसऱ्या कोणाला एकदा ऐकव.

मामींकडे बऱ्याच दिवसांत जाणं झालं नाही. बऱ्या असतील.

रेवा


पुणे, तुझ्या जिन्यावर, शनिवार, २८ जून

गिऱ्या,

मंगळवारचं पत्र खोटं आहे. ते फाडलंस तरी चालेल. सोबत बावीस तारखेचं जोडलंय, ते खरं आहे. आधी ते वाच, मग हे. मी इथंच आहे.

वाचलंस? बरं.

परवा संध्याकाळी मुरलीचा फोन आला. म्हणाला, गिरीला तुझं पत्र मिळालं, तुला सांग म्हणालाय की काळजी करू नको, सगळं उत्तम आहे. आणि सहज बोलता बोलता म्हणाला, सिम्बल त्यानं अजून थोडे वर घेतलेत. रेकॉर्डवर दबतील अशी भीती वाटली म्हणे. मी फोन ठेवला आणि गाडीचं तिकीट काढलं. वेंकटसरांना रजा मागितली, कारण विचारलं तर म्हटलं, बेअरिंग गेलंय.

शपथ मोडली ती मामींना सांगून मोडली. तुला चोरून नाही आणि त्यांनाही चोरून नाही. त्या आधी रडल्या. मग माझ्याशी भांडल्या, तू कोण लागतेस त्याची, म्हणून. मी म्हटलं, बेस. हे त्यांना काय कळणार. मग उठून डबा भरायला लागल्या. तो माझ्या मांडीवर आहे. त्यांच्यावर डूख धरलास तर गाठ माझ्याशी आहे. आज रात्री त्यांना फोन करायचा, नेहमीसारखा, आणि मी समोर बसून बघणार.

तोंडानंच सांगणार होते. गाडीत पाठ करत आले. पण मला माहीत आहे, चिडले की मी भराभर बोलते, तू ओठांकडे बघत राहशील आणि अर्धं निसटेल. मग ‘हो हो’ म्हणून मान हलवशील. म्हणून लिहून देते. यातला शब्द निसटायला नको.

तुझं मिक्स टोचतं. सगळं नाही, वरचं. खालचं मी आजवर ऐकलेल्यातलं सर्वांत चांगलं आहे. दहापैकी पाच मी रागानं दिले होते, पण सिम्बल रागानं टोचले नव्हते. तुझ्याबद्दल मी जो शब्द छापला तो मला परत घेता येत नाही. तो मी सवयीनं लिहिला. आमच्यात सगळे लिहितात, मिक्स आवडलं नाही की पहिला तोच. पुन्हा कोणाबद्दल लिहिणार नाही. खरं म्हणजे आता लिहायला कोणी सांगणारही नाही!

मास्टर सोमवारी जाणार. आज आणि उद्या हातात आहेत. मी लॅपटॉप, हेडफोन आणि माइक घेऊन आलेय. तू खालचं सांभाळ, बेस, मोठा ड्रम, गिटारचं पोट. त्यात मी बोट घालणार नाही. वरचं माझ्याकडे दे. मी खाली घेत जाईन आणि तू पडद्यावर बघ, तुला दिसेल. मी दाखवीन आणि तू विचारशील, कितीही वेळा विचार. भांडू आपण, ते चालेल. फक्त पाठ फिरवून भांडायचं नाही.

आणि हे झाल्यावर मला बॅन्ड परत हवाय. तू नसलास तरी चालेल, असं मी म्हणणार नाही, कारण चालत नाही. दोन वर्षं चाललं नाही. बेस भिंतीला टेकवून ठेवलाय आणि मी लोकांच्या अल्बमना नावं ठेवत बसलेय. मला तू हवायस, तिरुवल्लिकेणीतली ती घामट खोली हवीय, आणि तुझ्या कानांचं पुढं जे काही व्हायचं असेल ते माझ्यासमोर झालेलं हवंय. पुण्यात एकट्यानं नको.

हे पत्र आता दाराखालून सरकवते. बेल दाबलेली नाही, दाबून उपयोग नाही. मग चप्पल काढून दाराच्या खालच्या फळीवर मारत राहीन, जड आणि सावकाश, फरशीतून तुझ्या तळपायांना लागेल तशी. समोरच्या काकू दार उघडून बघतायत. बघू देत. तू उघडेपर्यंत मी मारणं थांबवणार नाही.

रेवा